पहिला तास

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. शुक्रवारी दुपारी चार वाजताच मला कळलं होतं, की उद्या सकाळी गोलघुमटात माझ्याच सहलीच्या दोन पार्ट्या एकमेकींवर आदळणार आहेत. हातात फोन होता. एक फोन केला असता तर मिटलं असतं. मी फोन खिशात ठेवला आणि चहा मागवला.

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका लहान ट्रॅव्हल्स ऑफिसात मी बावीस वर्षं काम करतो. काम डे टूर बसवायचं. सकाळी निघून संध्याकाळी घरी, अशा सहली. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी विजापूरला. शंभर किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. लोकांना वाटतं, यात प्लॅन कसला करायचा, गाडीत बसलं की झालं. पण विजापूर मोठं शहर आहे आणि पाहायच्या जागा गावभर पसरलेल्या आहेत. गोलघुमट पूर्वेच्या टोकाला, इब्राहिम रोजा पश्चिमेच्या. मध्ये जुम्मा मशीद, बारा कमान, मुलूखमैदान तोफ. कुठल्या वेळी कुठं, हे चुकलं तर निम्मा दिवस पार्किंगमध्ये जातो.

त्यातही गोलघुमटाचं गणित वेगळं. वरच्या गॅलरीत भिंतीला तोंड लावून पुटपुटलं की समोरच्या टोकाला भिंतीला कान लावून बसलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. मधे एवढी मोठी पोकळी, तरी. मात्र घुमट रिकामा पाहिजे. एक जण ओरडला की तो आवाज सात-आठ वेळा फिरतो. दहा जण ओरडले की कुणाचंच काही कळत नाही. उजाडताना दार उघडतं, तेव्हापासून तासभर शांतता असते. त्याला आमच्या ऑफिसात ‘पहिला तास’ म्हणतात. मालकाचा नियम आहे, एका दिवशी पहिला तास एकाच पार्टीला. बाकीच्यांना ‘उलटा राऊंड’, म्हणजे आधी रोजा, शेवटी घुमट. कुणाला काय दिलं, ते भिंतीवरच्या बोर्डावर लिहायचं. लिहायचं काम माझं.

त्या डिसेंबरात शोभाताई ऑफिसात आल्या. एका बँकेत नोकरीला. वडील यल्लय्या शहराच्या पूर्व भागातले, पस्तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेले. लूमवरच्या माणसाचा कान जातो, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. यल्लय्यांचा डावा कान तसाच गेला होता. उजव्यानं ऐकू यायचं, पण त्या कानामागे गाठ निघाली होती आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ निघेल पण ऐकू येणं राहणार नाही.

“लग्न झाल्यावर नाना आईला घेऊन विजापूरला गेलेले,” शोभाताई म्हणाल्या. “घुमटात आई काहीतरी बोलली आणि नानांना पलीकडे ऐकू आलं. अजून सांगतात ते. त्यानंतर आमच्या घरात कुणी हळू बोललंच नाही. नानांना ऐकू जायला आई आयुष्यभर ओरडूनच बोलली. आता एकदा तिनं तिथं हळू बोलावं आणि त्यांनी ऐकावं. एवढंच पाहिजे. बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल.”

“शनिवारी चला,” मी म्हणालो. “पहाटे साडेचारला पिकअप. पहिला तास तुमचा. घुमटात तुमच्याशिवाय चिमणी नसेल.”

बोर्डावर लिहिलं. ते बरोबर लिहिलं.

चूक आधीच झालेली होती. दोन आठवड्यांपूर्वी रविवारी घरी असताना एका शाळेच्या सरांचा फोन आला होता. तीन बस, दीडशे मुलं, तोच शनिवार. मी जेवत होतो. मोबाइलमधला जुना विजापूरचा प्लॅन उचलला, तारीख बदलली आणि सरांना पाठवून दिला. त्यात पहिला तास होता. सोमवारी बोर्डावर लिहायचं राहिलं.

शुक्रवारी सरांचा फोन आला. “साहेब, उद्या चारला निघतोय. पहिला तास आपलाच ना?”

मी “हो सर” म्हणालो. तोंडातून निघून गेलं. फोन ठेवला आणि बोर्डाकडे पाहिलं.

उपाय सोपा होता. सरांना परत फोन करून उलटा राऊंड सांगायचा. पण ही शाळा नवीन होती. मालकानं वर्षभर मागं लागून मिळवलेली. आदल्याच महिन्यात मी त्यांच्या एका सहलीत जेवणाची जागा चुकीची सांगितली होती आणि मालकानं सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, “माने, वय झालं काय हो तुमचं?” परत चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती. मग मी स्वतःला समजावलं. बावीस वर्षांत एकही शाळेची बस वेळेवर निघालेली मी पाहिली नव्हती. कुणाचा डबा राहतो, कुणाची आई येते, कुणाला उलटी होते. चार म्हणजे साडेपाच. तोवर आमची पार्टी घुमटातून खाली उतरलेली असेल.

ही शाळा चार वाजता निघाली.

आमची सात सीटची गाडी बिरप्पाकडे होती. बिरप्पा सांगोल्याकडचा. घरी मेंढरं, हा एकटाच गाडीवर आलेला. नऊ वर्षं आमच्याकडे होता, एक ओरखडा नाही. म्हाताऱ्यांना जिना चढायला आधार म्हणून मीही बरोबर निघालो. शोभाताईंना सांगितलं तरी तसंच. खरं म्हणजे मला घरी बसवत नव्हतं.

यल्लय्या पुढे बसले. स्वतःला नीट ऐकू येत नसल्यानं मोठ्यानं बोलायचे. “ड्रायव्हर, गाव कुठलं?”

“सांगुल्याकडं, आज्जा,” बिरप्पाही ओरडून म्हणाला.

“मेंढरं हाईत का?”

“हाईत की. धाकटा भाऊ बघतोय.”

“मग तुला सवय हाय. बोलाय गेलं तर मेंढरं फक्त ब्यां म्हणत्यात, माझंबी तसंच,” यल्लय्या म्हणाले आणि स्वतःच हसले. मागून अंबव्वा, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “अहो, त्याला गाडी चालवू द्या.” ते यल्लय्यांना ऐकू गेलं नाही.

वाटेत झळकी गावाला यल्लय्यांनी हात वर केला. चहा पाहिजे. बिरप्पानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाला पहाटे दोन तास बसवून ठेवायचं म्हणजे चहा आणि लघवी, दोन्ही लागतं. दहा मिनिटांत परत गाडीत बसलो.

पावणेसातला घुमटाच्या पार्किंगला पोचलो. तीन बस रांगेत उभ्या होत्या. काचेवर शाळेचं नाव. गाडी लावून बिरप्पा त्यातल्या एका ड्रायव्हरशी बोलला आणि येऊन मला हळूच म्हणाला, “सायेब, ही लोकं सव्वासालाच आल्यात. तिकिट खिडकी उघडायच्या आदी.”

म्हणजे चहा घेतला नसता तरी त्यांच्या मागेच आलो असतो. ते मला त्या क्षणी कळलं. बिरप्पालाही कळलं असणार, पण त्याला पहिल्या तासाचा घोळ माहीत नव्हता.

शोभाताई बसकडे पाहत होत्या. “माने साहेब, हे काय? तुम्ही म्हणाला होता, कुणी नसेल.”

त्यावर मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो.

“अहो, आपण झळकीला थांबलो ना. ड्रायव्हरनं गाडी थांबवायला नको होती. तेवढ्यात यांनी गाठलं.”

बिरप्पा गाडीचं दार धरून अंबव्वांना उतरवत होता. त्यानं ऐकलं. आज्जा स्वतः चहा मागत होते, हे तो शोभाताईंसमोर म्हणाला असता तर म्हाताऱ्याच्या माथी गेलं असतं. म्हणून गप्प बसला, असं मला वाटतं. मी त्याला कधी विचारलं नाही.

कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून जिना वर जातो. सात मजले, पायऱ्या उंच. बिरप्पानं यल्लय्यांना धरलं, शोभाताईंनी आईला. मी मागे होतो. आवाज तिसऱ्या मजल्यापासूनच ऐकू यायला लागला. वर मुलं एकमेकांची नावं घेऊन ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. मुलांची काही चूक नव्हती. घुमटात आल्यावर मूल ओरडणारच.

चौथ्या मजल्याच्या वळणावर सर भेटले. खाली उतरत होते, दुसरी तुकडी वर पाठवायला. गळ्यात शिट्टी. आमची मंडळी पुढे गेलेली.

“वा साहेब,” सर म्हणाले. “तुमचा पहिला तास म्हणजे एकदम भारी. दारातच उभे होतो आम्ही. तुम्ही कसे इकडे?”

“दुसरी एक पार्टी आहे,” मी म्हणालो.

या ठिकाणी मला थांबून सांगावं लागेल. सर भला माणूस होता. मी म्हणालो असतो, सर, वर एक आजोबा आहेत, आठ दिवसांनी त्यांचं ऐकू येणं जाणार आहे, पाच मिनिटं मुलांना गप्प करा, तर त्यांनी तिथूनच परत वर जाऊन शिट्टी मारली असती. वरची सगळी मुलं भिंतीला टेकून उभी राहिली असती. पण मग सर शोभाताईंशी बोलले असते. पहिला तास आम्हाला दिला होता, हे त्यांनी सहज सांगितलं असतं. मी दोघांना एकच वेळ दिली, हे तिथं उघडं पडलं असतं. आणि थोड्याच वेळापूर्वी मी ड्रायव्हरचं नाव घेतलं होतं, तेही.

“काही लागलं तर सांगा,” सर म्हणाले.

“नाही नाही. तुमचं चालू द्या,” मी म्हणालो.

सर खाली गेले. मी तिथंच वळणावर थांबलो. वर गेलोच नाही.

पुढचं बिरप्पाकडून कळलं. अंबव्वा एका टोकाला बसल्या, यल्लय्या समोरच्या. शोभाताईंनी मुलांना हात जोडून विनवलं. जवळची दहा-पंधरा गप्प झाली, मग जिन्यातून दुसरी तुकडी आली. अंबव्वांनी तीन वेळा भिंतीला तोंड लावलं. यल्लय्या उजवा कान भिंतीला लावून डोळे मिटून बसले होते. अर्ध्या तासानं त्यांनीच हात हलवून पुरे म्हटलं.

खाली आल्यावर शोभाताईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “नाना, ऐकू आलं का काही?”

“आलं की,” यल्लय्या म्हणाले. “आपला कारखानाच हाय वर. बारा लूम चालू.”

मग ते अंबव्वांकडे वळले. “काय म्हणलीस गं?”

अंबव्वांनी हातानंच नंतर सांगते अशी खूण केली. परतीच्या वाटेवर बिरप्पानं विचारलं, “आज्जी, काय बोललासा वर?” त्या म्हणाल्या, “ते त्यांच्यासाठी होतं, बाबा.”

नऊनंतर मुलं गेली असती, तेव्हा परत चढता आलं असतं. पण यल्लय्यांचे गुडघे सुजले होते. सात मजले दुसऱ्यांदा जमणार नव्हते.

सोमवारी शोभाताईंचा मालकाला फोन आला. तक्रार माझी नव्हती, ड्रायव्हरची होती. मालकानं दोघांना समोर उभं केलं.

“का थांबवलास रे?”

“आज्जा च्या मागत हुतं, मालक. धा मिंटं बी न्हाय झाली.”

“माने, तुमी होता की बरोबर. किती वेळ?”

मी म्हणालो, “वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील.”

बिरप्पानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण काही चुकीचं ऐकलं की काय, असं पाहिलं. मालकानं गाडीची किल्ली मागितली. त्यानं टेबलावर ठेवली आणि गेला. त्या दुपारी मी शाळेची सहल मागच्या तारखेनं बोर्डावर लिहिली. उलटा राऊंड म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. यल्लय्या आता पाटीवर लिहून बोलतात. शोभाताईंनी मला मेसेज केला होता, तुम्ही बरोबर आलात म्हणून आधार वाटला. पुढच्या वर्षी त्यांनी आईवडिलांसाठी बदामीची सहल माझ्याकडेच ठरवली. एकच अट घातली, तो ड्रायव्हर नको. मी “नाही देणार” म्हणालो. तो आमच्याकडे नव्हताच. मोडनिंबकडे दुधाचा टेम्पो चालवतो, असं ऐकलं. लांबच्या गाडीवर त्याला इथं कुणी घेतलं नाही. आमच्या धंद्यात पार्टीची तक्रार चार ऑफिसांत पोचायला दोन दिवस पुरतात.

नव्या मुलांना काम शिकवताना मी सांगतो, फोनवर ठरवलेलं आधी बोर्डावर लिहा, मग जेवा. ते मान डोलावतात. एवढी साधी गोष्ट हा माणूस इतका जोर देऊन का सांगतो, असं त्यांना वाटत असणार. प्लॅनमधली चूक जिन्यातही दुरुस्त करता येते, फक्त स्वतःचं नाव सांगावं लागतं. हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.

मला मालकाला खरं सांगायचं आहे. शोभाताईंच्या घरी जाऊन, यल्लय्यांच्या पाटीवर माझ्या हातानं लिहायचं आहे, की त्या सकाळी शाळेला ती वेळ मी दिली होती आणि जिन्यात सर भेटले तेव्हा मी गप्प राहिलो. आणि बिरप्पाला मोडनिंबला गाठून सांगायचं आहे, की दहाच मिनिटं झाली होती. यातलं अजून मी काहीच केलेलं नाही.