पाठवणीचा दहीभात

वत्सलाबाई खैरनार पहिलीच्या वर्गाच्या दारात उभ्या राहत आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराच्या गळ्याला पालथा हात लावत. अंग कोमट लागलं की पोर दारातूनच परत. सिडकोतल्या आया त्यांना पाठीमागे 'जकातनाका' म्हणायच्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "पोरगी घरी ठेवून कामावर काय तुम्हाला पाठवू, बाई?"

"पाठवा की," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण मग माझा वर्ग तुम्ही सांभाळा."

योगिनीलाही त्यांचा राग यायचा. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यापर्यंत.

त्या हिवाळ्यात तिच्या पहिलीतल्या रुद्रला कांजिण्या आल्या. तिच्या सासू कुसाबाई विंचूरहून येऊन ठाकल्या. दाराला कडुलिंबाची डहाळी लागली, फोडणी बंद झाली, आणि आजाराला आजार म्हणायचं नाही, देवी आली म्हणायचं, असं ठरलं. बी.कॉम. झालेल्या योगिनीने सगळं मुकाट्याने पाळलं. ताप उतरला तेव्हा दोघींनाही हायसं वाटलं. कुसाबाईंनी देवीच्या पाठवणीसाठी गल्लीतल्या पोरांना दहीभाताचं आवतण दिलं. शाळेच्या संमेलनात पहिलीचा 'भाजीबाजार' होता, त्यासाठी योगिनीने रुद्रची कांद्याची टोपी शिवायला घेतली. दहीभात झाला की दुसऱ्या दिवशी शाळा.

आवतण शेजारच्या तृप्तीच्या लेकीलाही होतं. तृप्तीला दिवस गेले होते, आणि लहानपणी तिला कांजिण्या आल्या नव्हत्या. लेक रुद्रच्याच वर्गात; तिने तिथे दहीभाताची बातमी सांगितली आणि शाळा सुटल्यावर वत्सलाबाई थेट योगिनीच्या दारात हजर झाल्या.

त्यांनी रुद्रला उजेडाकडे वळवून पाहिलं. पाठीवरच्या फोडांनी खपली धरली होती. पोटावर मात्र पाण्याने भरलेले नवे फोड होते.

"ताप नाय आता," कुसाबाई म्हणाल्या. "तुम्ही शाळा शिकवा, बाई. देवीचं आम्ही बघू."

आता वाजणार, म्हणून योगिनीने मान खाली घातली. पण वत्सलाबाई ओट्यावर टेकल्या.

"मी सटाण्याची, आजी. रीत मलाही ठाऊक आहे. पण पाहुणी घरात असताना तिच्या पाठवणीचं जेवण घालतं का कोणी?"

"न्हाय बा."

"मग हा फोड बघा. ओला आहे. पाहुणी अजून घरातच आहे. सगळे सुकू देत, मग थाटात पाठवू तिला. शेजारची तृप्ती पोटुशी आहे. लेकीमागून देवी तिच्याकडे गेली, तर तिला आणि बाळाला, दोघांनाही जड जाईल."

कुसाबाईंनी चष्मा चढवून नातवाचं पोट बराच वेळ निरखलं. "लय चिवट पाहुणी," त्या पुटपुटल्या. "योगिनी, जा. उद्या नाय म्हणून सांग साऱ्यांना."

"आणि संमेलन, बाई?" योगिनीने विचारलं. रुद्र टोपी घालूनच बसला होता.

"यंदाचा भाजीबाजार कांद्यावाचून भरेल."

रुद्र भोकाड पसरून रडला. वत्सलाबाईंनी समजूत घातली नाही. "रडू द्या," त्या म्हणाल्या, "त्याचं नुकसान झालंय."

योगिनी निरोप सांगायला सगळ्यात आधी तृप्तीकडे गेली. तिच्या दिवसांचं योगिनीला पहिल्यापासून माहीत होतं, तरी ताप उतरल्याच्या आनंदात तो विचार मनाला शिवला नव्हता. पुढे कितीतरी दिवस ती तृप्तीच्या अंगावर पुरळ शोधत राहिली. उठलं नाही. फोड सुकल्यावर दहीभातही झाला.

उन्हाळ्यात तृप्तीला मुलगा झाला, धडधाकट. बारशाला कुसाबाई मुद्दाम विंचूरहून आल्या. "पाळण्याला पहिला हात बाईंचा," त्यांनी जाहीर केलं.

वत्सलाबाई दाराबाहेरच थांबल्या होत्या. नाकाला पदर होता.

"मला पडसं झालंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही हलवा पाळणा. मला इथून दिसतंय बाळ."

योगिनीने त्यांच्यासाठी ओट्यावर खुर्ची नेऊन ठेवली.