विझलेलं निरांजन

नात नखांना नेलपॉलिश लावायला बसली की मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसते. तिला वाटतं, आजीला रंग आवडतात. मला तो वास हवा असतो.

दादाच्या विमानाला असाच वास यायचा. खापरखेड्याला फिटर असलेल्या माझ्या भावाने चार वर्षं खपून एका माणसापुरतं लाकडी विमान बांधलं होतं. पंखांचं कापड मी आईच्या मशीनवर शिवलं आणि ते ताठ बसावं म्हणून आम्ही दोघांनी त्यावर त्या वासाचं रोगण फासलं.

पहिलं उड्डाण भाऊबीजेला ठरलं. सोनेगावच्या धावपट्टीवर मी तबक घेऊन गेले, तर तिथला मेकॅनिक ओरडला, "ओ ताई, पेट्रोल हाय इथं! विझवा ते निरांजन!"

विझल्या निरांजनानेच मी दादाला ओवाळलं आणि मला रडूच फुटलं.

"काहून रडून राहिली वं?"

"अपशकुन झाला, दादा. निदान शिवण तरी एकदा तपासून घे."

"तू शिवली ना? मंग मी काय पाहू?" म्हणत तो चढून बसलासुद्धा.

इतका विश्वास माझ्या हातांवर पुढे कुणीच टाकला नाही.

विमान उडालं, आणि खाली उतरण्याआधी त्याने माझ्या डोक्यावरून एक सावकाश गोल फेरी मारली. तेव्हा मी नुसती "उतर रे बाबा" म्हणत होते. आता कळतं, त्या भाऊबीजेला भावानेच बहिणीला ओवाळलं होतं.