पोचलो

आमच्या घरात कुणी गावाला निघालं की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत केर काढायचा नाही. मागून झाडलं तर गेलेल्या माणसाची वाटच झाडली जाते, असं माय म्हणते. तिच्या सासरचे लोक मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असायचे, तेव्हाही पहिल्या मुक्कामाचा निरोप येईपर्यंत बायका केरसुणीला हात लावत नसत. आता मेंढरं गेली, जाफराबादला पत्र्याचं घर झालं, माझ्या हातात खडू आला; नेम मात्र तसाच. मी जालन्याला दात दाखवायला गेलो तरी घर माझ्या फोनची वाट बघत पारोसं बसतं. यावरून मी तिची पुष्कळ थट्टा केली आहे. "माय, एसटीचा ड्रायव्हर रोज जातो. त्याच्या बायकोनं घराचा उकिरडा करायचा का मंग?" ती म्हणायची, "करंल, तिचा जीव आसंल तं."

मी शाळेत भूगोल शिकवतो. राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, हे वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं, फळ्यावर त्रिकोण काढले, आणि स्वतः मात्र शाळेच्या गच्चीपेक्षा उंच काही चढलो नव्हतो. लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर लाज हे निमित्त होतं. मला एक दिवस असा हवा होता की कुठे आहेस, जेवलास का, कधी येतोस, हे कुणी विचारणार नाही. गेल्या वर्षी श्रावण सरता सरता मी घरी सांगितलं, नाशिकला प्रशिक्षण आहे, आणि रात्रीच्या गाडीनं निघालो. बायकोनं डबा दिला. माय दारापर्यंत आली.

सकाळी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात उतरलो तर पाऊस असा की डोंगर कुठे आहे तेही दिसेना. चहाचा टपरीवाला म्हणाला, "आज वर कुणी नाही. उद्या बघा." मला माणसं नकोच होती, उलट बरं वाटलं. वर रेंज मिळणार नाही आणि फोन गेल्याशिवाय घरी केर निघणार नाही, म्हणून टपरीच्या ताडपत्रीखाली उभं राहून फोन लावला. "माय, पोचलो." तसं ते खोटं नव्हतंच, कुठे, एवढंच सांगितलं नाही. "बरं झालं बाबा," ती म्हणाली आणि इतका मोठा श्वास सोडला की मला फोनमध्ये ऐकू आला. चला, काम झालं, असं वाटून मी फोन पिशवीत गुंडाळून ठेवला.

चढाचं वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण मला फारसं काही दिसलंच नाही. धुकं, लाल चिखल, पायवाटेनं ओढ्यासारखं खाली येणारं पाणी. उभा कडा आला की लोखंडी शिड्या. शिडीवर वारा माझा रेनकोट फुगवायचा आणि मला मागे ओढायचा. मी गजाला मिठी मारून वारा पडायची वाट बघायचो. वर एक लहानसं देऊळ आणि चोहीकडे पांढरं. राज्यातल्या सगळ्यात उंच जागेवरून मला फक्त माझे बूट दिसत होते. तरी मी हसलो, ओरडलो, एकटाच नाचलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे बायको वाचेल याची आत्ता भीती वाटते आहे.

उतरताना शेवटची शिडी संपली म्हणून हात सोडला आणि पाय सटकला. सगळं अंग डाव्या हातावर आलं. मनगट मोडल्याचा आवाज त्या पावसातही ऐकू आला. चिखलात बसून हाका मारल्या. कुणी असतं तर ऐकलं असतं. टपरीवाल्याला माझं नावही माहीत नव्हतं, आणि घरचे शोधायला निघाले असते तर नाशिकला गेले असते. मला हवा होता तो दिवस हाच होता, आणि मी लहान पोरासारखा रडलो. पाऊस किंचित ओसरल्यावर एका हातानं कठडा धरत, बसत, घसरत कसाबसा खाली आलो.

"लॉजच्या बाथरूममधी घसरलो," असं घरी सांगितलं. बायकोनं बुटांवरचा लाल चिखल पाहिला आणि बूट उचलून मोरीत नेले. माय मात्र प्लास्टर बघून मटकन खाली बसली.

"म्या झाडलं रे," ती म्हणाली. "तुझा फोन यायच्या आधी झाडलं. शेळीनं जवारीचं सूप लवंडलं. म्या म्हनलं, येवढंच गोळा करून घिऊ. झाडू फिरवून राह्यले आन मंग ध्यानात आलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "जाऊ दे माय, झालं ते झालं." म्हणजे चोरी माझी, आणि वर मीच तिला माफ केलं! स्वतःच्या त्या वाक्याची मला अजून किळस येते.

त्या दिवसापासून तिनं केरसुणी हातात घेतली नाही. मी ताटावर बसलो की ती माझ्या हाताकडे बघत राहायची. आमच्याकडच्या राजूरच्या गणपतीला तिनं नवस बोलला: पोराचा हात बराबर जुळला तर शिवेपासून अनवाणी येईन, कुणाचा आधार न घेता देवळाच्या पायऱ्या चढेन. तिचे गुडघे असे की घरचा उंबरा ओलांडतानाही ती चौकट धरते. रोज रात्री ठरवायचो, उद्या सांगू. प्लास्टर निघालं, हात जुळला, मी गप्पच.

आम्ही राजूरच्या शिवेवर जीपमधून उतरलो तेव्हा परतीचा पाऊस भुरभुरत होता. तिनं चपला काढून पिशवीत घातल्या. देवळाच्या पायऱ्या ओल्या होत्या. दर दोन पायऱ्यांना थांबून ती गुडघे दाबायची. मी हात पुढे केला की "सर मागं" म्हणून झटकायची. मध्यावर तिचा पाय घसरला. पडली नाही, पण तिचा चेहरा पाहिला आणि मला राहवेना. तिथेच पायरीवर बसवून सगळं सांगितलं. डोंगर, पाऊस, शिडी, माझं रडणं, सगळं. "तुझ्या झाडन्यानं कायबी झालं न्हाई, माय. मी खोटं बोललो. चल, खाली जाऊ."

ती शिव्या देईल असं वाटलं होतं. मला शिव्या हव्याच होत्या. तिनं तोंडाला पदर लावला. मग विचारलं, "पडला तवा बाजूला कोन व्हतं?"

"कोनीच न्हाई."

"लई येळ?"

"लई येळ."

"म्या झाडलं व्हतं ना, तं पहाटंधरनं जिवाला धास्ती व्हती," ती म्हणाली. "मंग तुझा फोन आला, पोचलो म्हनून. जीव भांड्यात पडला. शेजारनीला हाक मारली, दोघी हासलो, दुधात भाकर चुरून खाल्ली." तिनं माझं जुळलेलं मनगट धरलं. "तू तिकडं चिखलात रडून राह्यला, आन मी हितं पोटभर जेवले रे."

"तुला काय म्हाईत व्हतं, माय?"

"तेच तं," ती म्हणाली, आणि माझा हात बाजूला सारून पुढची पायरी चढू लागली.