माय मदर इज डर्टी

'डर्टी' म्हणजे रंगीत, असं मला वाटायचं.

हसा. पुढं जिनं जन्मभर पोरींना इंग्रजी शिकवलं, तिची सुरुवात ही अशी. अक्कल चिमूटभर, मिजास परातभर.

राज्य नुकतंच बदललं होतं. उज्जैनला फ्रीगंजातल्या आमच्या शाळेच्या पाटीवरचं 'मध्य भारत' खरवडून पेंटरनं 'मध्य प्रदेश' काढलं होतं. बाकी काही बदललं नव्हतं. सहावीत इंग्रजी सुरू झालं. इंग्रजीच्या बाई मराठी, जुन्या दरबारी कारकुनांच्या घरातल्या. वर्गातल्या मराठी पोरींशी मराठीत बोलायच्या. माझ्याशी हिंदीत. मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. मला वाटायचं, माझं हिंदी फार सुंदर म्हणून. असली शहाणी!

आम्ही वऱ्हाडातले महार. बाप तिथल्या मिलमध्ये. माय भैरवगडला ठसे मारलेलं कापड क्षिप्रेवर धुवायची. शाळा सुटली की मीही. लाल रंग नखांत, तळव्याच्या रेषांत मुरलेला. जायचाच नाही.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला वर्गापुढं उभं केलं. शेजारी एका वकिलाची पोर. तिचा हात बाईंनी हातात घेतला. "क्लीन." मग माझ्या मनगटाखाली लाकडी पट्टी घातली आणि पट्टीनंच माझा हात वर उचलला. "डर्टी." सगळा वर्ग म्हणाला, "डर्टी." मीही म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं. इतक्या पोरींत बाईंना माझाच रंग दिसला!

नदीवर जाऊन मायला शिकवलं. "माय, तू डर्टी. मीपण डर्टी." माय दगडावर कापड आपटत म्हणायची, "डर्टी! डर्टी!" ठेका झकास बसायचा.

मग एक दिवस बाईंनी फर्मान काढलं, "कल सब अपनी माँ को लाना. वो भी देखें, लड़कियों की शिक्षा कैसी हो रही है."

मायला हिंदी बाजारापुरतं. मी घरी जाऊन सांगितलं, "माय, उद्या शाळेत ये. शिक्षा पाहायला."

कानाखाली सण्णकन बसली.

"काय केलं वं भवाने? कायची शिक्षा?"

"अवं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं!"

मायचा हात हवेतच थांबला. "शिकण्याले शिक्षा म्हणते? कोनं ठेवलं असं नाव?" मग लुगड्याला हात पुसत म्हणाली, "येतो मी. मारतीन त मायासमोर मारतीन."

ती आली. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. वर्गात पाहुण्यांना खुर्च्या होत्या. चपराश्यानं मायला दारातच अडवलं, "तू यहीं ठहर." ती चपलांजवळ उभी राहिली. एकेक पोर आपल्या आईला पुढं आणायची. "धिस इज माय मदर. माय मदर इज काइंड." टाळ्या. काही वडीलही आले होते, ते जोरात टाळ्या वाजवत होते. माझं नाव कुणी घेतलंच नाही.

बाई आवरतं घ्यायला लागल्या. मला खाज. मी उठले, दाराशी गेले, मायचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत ओढलं.

"धिस इज माय मदर. माय मदर इज डर्टी. आय ऍम डर्टी."

खणखणीत. एक चूक नाही.

सगळा वर्ग फुटला. खुर्च्या हलायला लागल्या. माय खूश झाली, शब्द ओळखीचा होता ना. तिनं दोन्ही पंजे वर केले आणि सगळ्यांना दिसतील असे फिरवून दाखवले. हशा दुप्पट. मीही हसले. त्या हसण्यातलं माझं हसणं तेवढं मला अजून सहन होत नाही.

बाईंनी हसता हसता पदरानं डोळे पुसले. मायकडं पाहिलं. आणि मराठीत बोलल्या. आमच्याशी पहिल्यांदा. मायला नीट कळावं म्हणून.

"अगं बये, डर्टी म्हणजे घाणेरडी."

मायचे हात वरच राहिले. आता ते कुठं ठेवावेत, तिला कळेना.

नातींना मी सांगते की तेव्हा मी ताडकन म्हटलं, "धिस इज माय टीचर. माय टीचर इज डर्टी." साफ खोटं. ते मला सुचलं पुष्कळ वर्षांनी, मेथी निवडताना. त्या दिवशी मी चावले. बाईंच्या पट्टी धरलेल्या मनगटालाच. रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. बाईंनी दुसऱ्या हातात पट्टी घेतली आणि तिची धार माझ्या कपाळावर घातली. पुन्हा. पुन्हा. पट्टी मोडली. डोळ्यांत रक्त उतरलं, समोरचं दिसेना.

मग माय आली. तिनं बाईंचं मनगट धरलं आणि कापड पिळतात तसं पिळलं. बांगड्या चुरल्या, काचा मांसात गेल्या. बाई किंचाळल्या, "शिवू नको! सोड, शिवू नको!"

हातात काचा रुतल्यात, आणि ओरडणं शिवण्याचं.

टाळ्या वाजवणारे वडील उठले. छत्र्यांनी मायची पाठ फोडून काढली. एकानं बूट काढला. माय सोडेना. शेवटी चपराश्यानं केसांना धरून तिला फरफटत नेलं, मला लाथेनं. रस्त्यावर फेकलं. वरून मोठ्या बहनजी, म्हणजे हेडबाई, ओरडल्या, "कल से मत आना! नाम काट दिया!"

नदीवर मायनं माझं कपाळ धुतलं. तिच्या पाठीला चोळी चिकटली होती. मी मूठभर वाळू घेतली आणि तळवे घासायला लागले. घास घास घासले. सालटं निघाली, रंग निघेना. "मी शाळेत जाणारच नाही," मी म्हटलं.

मायनं माझ्या हातावर फटका मारला. वाळू सांडली. मग ती जे बोलली, ते जसंच्या तसं लिहिते:

"हात घासू नको. उद्या असेच घेऊन जायचं. नाव कापलं त कापलं, म्होरच्या टाटपट्टीवर बसजो. फेकलं त परवा अजून जाजो. मीबी येतो. शिकण्याले हिंदीत शिक्षा म्हणत असतीन त म्हणू दे. आपल्या मराठीतली शिक्षा आता त्या बाईले होऊ दे. रोज."