सणासुदीचं क्रीम

आमच्या घरात एकच साबण असायचा, कपड्यांचा. तोंडंही त्यानेच धुवायची. आई वर्षानुवर्षं भर उन्हात भाजी विकत बसली आणि मी घरातली पहिली पदवीधर झाले. तिच्या गालांवर मात्र वांग पसरले.

मी तिला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. आईने हळूच विचारलं, "गोरी होईन का हो?"

"गोरं कशाला व्हायचंय, मावशी? हे डाग वाढू देऊ नका. उन्हात जाताना हे क्रीम रोज लावा."

दोन महिन्यांनी डाग आणखी गडद दिसले. आईची पेटी उघडली, तर लग्नातल्या शालूच्या घडीत ट्यूब, जवळजवळ भरलेली.

"लावते की! दसऱ्याला लावलं, मामाच्या पोरीच्या हळदीला लावलं."

"आणि बाजारात?"

"तिथं मला कोण बघतंय?"

"ऊन बघतंय ना, आई!"

चांगली वस्तू जपून ठेवायची, हे आम्ही कुठून शिकलो असू? चांगल्या कपबशा पाहुण्यांच्या, नवी चादर पाहुण्यांची. रोजच्या वापराला काढली ती फक्त स्वतःची कातडी.

आज साधा मंगळवार आहे. सण नाही, पाहुणे नाहीत. आईने क्रीम लावलं, भाजीची पाटी उचलली आणि ती बाजाराला गेली.