वाणातली तपासणी

प्लास्टिकच्या डब्यांचा मला भारी राग. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं की परभणीतल्या आमच्या कॉलनीत घरोघर डबे, गाळण्या आणि चमच्यांचा ढीग पडतो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने तरी काही शहाणपणाचं वाण लुटावं, म्हणून यंदा मी एका तपासणी केंद्राकडून मॅमोग्राफीची मोफत कुपनं आणली. स्तनाचा कर्करोग लवकर कळावा म्हणून काढतात तो फोटो. आलेल्या बायका बहुतेक तिशीतल्या. मी छोटंसं भाषणही ठोकलं. वाणाला नाही म्हणत नाहीत, त्यामुळे कुणी कुपन परत करण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

सगळ्यात आधी गेली माझी धाकटी जाऊ. वय बत्तीस, पदरात दीड वर्षाचं लेकरू, तब्येत ठणठणीत. फोटोत डाव्या बाजूला सावली दिसली. मग पुन्हा फोटो, मग सोनोग्राफी, मग सुई टोचून तुकडा काढला. अहवालाला आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात तिने लेकराला पाजणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं. लेकरू पदर ओढायचं आणि ही भिंतीकडे तोंड करून बसायची.

एकदा मला म्हणाली, "ताई, मला काईच होत नव्हतं ओ. तुमी उगं कशाला धाडलं?"

लवकर कळलेलं बरं, हे वाक्य मी भाषणात तीनदा म्हटलं होतं. तिच्यासमोर एकदाही म्हणवेना.

अहवालात काही निघालं नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं झालं होतं. जाऊ केंद्रातल्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडली. मी चिडूनच विचारलं, मग हा उपद्व्याप कशासाठी? त्या चिडल्या नाहीत. तरुण वयात स्तन दाट असतो, त्यामुळे फोटोत नसलेलं दिसतं आणि असलेलं लपतंही, असं त्यांनी समजावलं. घरात आई-बहिणीला कर्करोग झाला असेल किंवा हाताला गाठ लागली तर वय न बघता यायचं. एरवी या फोटोचा खरा उपयोग वय वाढल्यावर.

"काहींचा जीव यानेच वाचतो," त्या म्हणाल्या. "पण आधी कुणाला बोलवायचं, ते बघायला पाहिजे. तुमच्या घरात पन्नाशीपुढचं कोण आहे?"

"सासूबाई," मी म्हणाले, आणि मलाच माझी लाज वाटली. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला बैठकीत येत नाहीत, आणि मी विज्ञानाची बाई, त्यांना कधी बाहेर या म्हटलं नव्हतं. माझं भाषण चाललं होतं तेव्हा त्या आत सगळ्यांसाठी दूध आटवत होत्या.

घरी आल्या आल्या त्यांच्याजवळ बसले. "आत्याबाई, तुमच्या हाताला कधी काही लागलं का, गाठीसारखं?"

त्यांनी पदर सावरत उजव्या काखेजवळ बोट ठेवलं. "हाय की. दिवाळीपासून हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिशी ऐकलं की तुझं समदं," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "पण मला वाटलं, ती तपासणी सवाष्णींचीच असतीय."