डिकीतला वास

फाटकाला लाल प्रायमर लावायला घेतला की त्या वासानं मला डहाणूचं एक गॅरेज आठवतं. आईचं माहेर तिथल्याच किनाऱ्यावरच्या वरोरचं. तिथून येताना ती ओल्या बोंबलांची टोपली थेट आमच्या जुन्या फियाटच्या डिकीत ठेवायची आणि बाबा दर वेळी करवादायचे, "अगं, खाली प्लास्टिक तरी घाल, खाऱ्या पाण्यानं पत्रा सडेल." पत्रा सडलाच, पण तोवर आई गेली होती. मग बाबांनी गाडी कामाला दिली. मिस्त्रीनं डिकीचा सडका तळ कापून नवा पत्रा वेल्ड केला, वर प्रायमर मारला. बाबा आणि मी गाडी घ्यायला गेलो तेव्हा तो खुशीत म्हणाला, "काका, आता गंज पण नाय आणि मच्छीचा वास पण नाय." बाबांनी डिकीत वाकून हुंगलं आणि गाडी घराऐवजी वरोरकडे वळवली. तिथे बोंबील घेतले. मी डिकीत प्लास्टिक पसरायला गेले तर म्हणाले, "राहू दे, तसेच ठेव." आता बाबाही नाहीत, गाडी माझ्याकडे आहे. पत्रा पुन्हा सडलाय. मिस्त्री भेटला की विचारतो, "ताई, कधी आणताय?" आणि मी म्हणते, बघू, पावसाळ्यानंतर.